एथ्निक स्टडीज कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मी अमेरिकेत एथ्निक स्टडीज शिकते. सुट्टीत सांगलीला आले की हा प्रश्न ठरलेला. मावशी विचारते, बाबांचे मित्र विचारतात, मुलीला अमेरिकेत पाठवायच्या विचारात असलेले पालक तर मुद्दाम फोन करून विचारतात: "एथ्निक स्टडीज म्हणजे काय गं? आणि तिकडच्या लोकांच्या भांडणाशी आपला काय संबंध?"

आधी पहिलं सांगते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय, नेटिव्ह अमेरिकन, मेक्सिकन आणि आशियाई वंशाचे लोक यांचा इतिहास, त्यांच्यावर लादलेले कायदे, त्यांनी लिहिलेलं साहित्य हे सगळं त्यांच्या बाजूनं वाचायचं. विद्यापीठांनी हा विषय आपणहून सुरू केलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा संप केला, पोलिसांचा मार खाल्ला, शेकडो जण अटकेत गेले, तेव्हा कुठे तो अभ्यासक्रमात आला.

माझं कॉलेज लहान, लिबरल आर्ट्सचं, म्हणजे एकाच विषयाला न जुंपता वेगवेगळे विषय शिकू देणारं. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो, त्यामुळे मी स्टॅटिस्टिक्सही शिकले आणि स्पॅनिशही. वर्गात एका टेबलाभोवती दहा-पंधरा जण बसतो. न वाचता आलेला माणूस पाच मिनिटांत उघडा पडतो.

आता संबंधाचं. त्याच टेबलावर भगतसिंग थिंड यांचा खटला वाचला. थिंड पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्यानं नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. १९२२ साली ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाचं वंशशास्त्र युरोपीय लोकांना ज्या वंशात धरायचं तो). थिंड यांनी तोच धागा पकडला: उत्तर भारतातला उच्चवर्णीय आर्य म्हणजे कॉकेशियनच. त्यांच्या बाजूनं असंही मांडलं गेलं, की लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसं बघतो, तसंच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे बघतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच, आम्हालाही खालचे लोक आहेत!

ते वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. जात बोटीतून उतरून थेट वॉशिंग्टनच्या कोर्टात उभी राहिली होती. थिंड यांच्या वकिलांत एक नाव होतं सखाराम गणेश पंडित. इतकं आपल्याकडचं नाव, आणि ते या कागदांवर.

फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल थिंड यांच्या विरुद्ध गेला. ओझावाचा निकाल लिहिणाऱ्याच न्यायमूर्तींनी लिहिलं, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगाई त्यातलेच, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडितांचं नागरिकत्व काढून घ्यायलाही खटला झाला. ते स्वतः लढले आणि जिंकले.

आज आपली मुलं ज्या दारानं तिकडे जातात, ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं उघडलं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा रेटा नसता तर तो कायदा झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. मग ती भांडणं "त्या लोकांची" कशी?

नोकरीचं म्हणाल, तर माझ्या आधीच्या बॅचमधले कोणी वकिलीकडे गेले, कोणी सार्वजनिक आरोग्यात, कोणी शाळेत शिकवतात. मला इमिग्रेशनचा कायदा करायचाय. पगार सॉफ्टवेअरइतका नसेल, हे आई-बाबांना स्पष्ट सांगितलंय.

आणि मुलीला हा विषय घेऊ द्यावा का, असं विचारणाऱ्या पालकांनो, पहिल्या वर्षी एक कोर्स घेऊ द्या, मेजरचं नंतर बघता येईल. थिंड खटल्याचा निकाल मात्र तुम्हीही वाचा. छोटासाच आहे, नेटवर फुकट मिळतो. वाचून झाला की फोन करा, मला बोलायला आवडेल.