नरसिंगपूर ते कुडल: कनूतून भीमा

सोलापूर जिल्ह्यातली भीमा कनूतून उतरायची तर आधी उजनीची बातमी बघायची. धरणातून पाणी सुटलं तर नदी वाहते, नाहीतर बंधाऱ्यांमागे तुंबून राहते. सोलापूरसाठी पिण्याचं पाणी सोडल्याचं कळलं आणि आम्ही नीरा-नरसिंगपूरच्या संगमावर बोट टाकली. पावसाळ्यात मात्र इकडे फिरकू नका. तेव्हा विसर्ग लाख क्युसेकच्या वर जातो.

मध्येमध्ये काळा कातळ वर येतो आणि पाणी खळाळतं. गुळगुळीत धार दिसेल तिथून बोट घालायची. फुगवटा आणि त्याच्या मागे लगेच फेस दिसला, की खाली धोंडा आहे समजा. बोट खडकाला आडवी अडकलीच तर अंग खडकाकडेच झुकवा. उलट्या बाजूला झुकलात तर पाणी आत शिरतं.

पण खळाळांपेक्षा मला धास्ती वाटते ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. बर्गे, म्हणजे खांबांमधल्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, काढलेले असले तरी दोन खांबांमधून जायचंच नाही. एका बंधाऱ्यावर बाभळीचा ओंडका गाळ्यातून खाली पडताना पाहिला. बुडाला, वर आला, पुन्हा भिंतीकडे ओढला गेला. आम्ही बोट आणि सामान काठाने पलीकडे नेऊन परत आलो तरी तो तिथंच गरगरत होता. माणूस त्या भोवऱ्यात अडकला तर लाइफ जॅकेट असूनही सुटणं कठीण. वरच्या अंगाने बंधारा नुसती सरळ रेघ दिसतो, म्हणून लांबूनच काठ धरा.

काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, त्यांच्या केबली पाण्यातून जातात. त्यांना हात लावू नका, वल्हंही नको. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जाऊ शकतं, तेव्हा वल्ह्याने तळ चाचपत चला. हवेची बोट असेल तर वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचं साहित्य हवंच.

पंढरपुरात एक होडीवाले काका म्हणाले, “पाणी रातचं चढतंय, वाळवंटात पथारी टाकू नगा.” धरणातून पाणी सुटलेलं असताना पात्रात मुक्काम करू नका हेच खरं. देवळाच्या ओवरीत विचारून झोपायला मिळतं. माचणूरला सिद्धेश्वराच्या घाटावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. वर औरंगजेबाच्या काळातला किल्ला, खाली संथ डोह. एक दिवस जास्तीचा असेल तर तो इथे घालवा.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुरते, बिघडतही नाही. नदीचं पाणी पिऊ नका, पंढरपूरच्या खाली तर अजिबातच नको. गावागावांत जार मिळतात.

कुडलला सीना येऊन मिळते, तिथे बोट काढायची. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे, तो बघूनच निघा. सोलापूर इथून 40 किलोमीटरच्या आसपास. बोट लादायला टेम्पो आधीच सांगून ठेवा, संध्याकाळी ऐनवेळी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.