प्रांटलनं लँचेस्टरचं ढापलं का?

विमानाच्या पंखाचा सिद्धांत जर्मन प्राध्यापक प्रांटलनं इंग्रज लँचेस्टरकडून ढापला का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरोडायनॅमिक्स, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं शास्त्र, शिकवताना 'लँचेस्टर-प्रांटल सिद्धांत' हे जोडनाव आलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो: "सर, आधी लँचेस्टरला सुचलं ना? मग सगळीकडे प्रांटलचाच बोलबाला कसा? ढापलं का त्यानं?"

ढापलं नाही. पण लँचेस्टरच्या पदरात पडायला हवं होतं तेवढं पडलं नाही, हेही खरं. आणि त्याचं खापर जर्मनांवर फोडण्यात काही अर्थ नाही.

फ्रेडरिक लँचेस्टर हा बर्मिंगहॅमचा मोटारी बनवणारा इंजिनिअर. १८९४ साली त्यानं तिथल्या एका अभ्यासमंडळापुढे पक्ष्यांच्या तरंगण्यावर व्याख्यान दिलं. राइट बंधूंचं विमान उडायला अजून नऊ वर्षं होती. तोच विषय वाढवून १८९७मध्ये त्यानं लंडनच्या फिजिकल सोसायटीकडे निबंध पाठवला. साभार परत! मग तो मोटारींच्या धंद्यात अडकला आणि हे सगळं पुस्तकात यायला १९०७ उजाडलं.

त्यानं ओळखलं होतं ते असं. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकापाशी खालची हवा कडेनं वळून वर चढते आणि विमान पुढे जाताना तिचा भोवरा मागे लांबत राहतो. पावसाळ्यात मुंबईला विमान उतरताना खिडकीतून पंखाकडे बघा. कधीकधी फ्लॅपच्या, म्हणजे पंखामागे खाली झुकणाऱ्या झडपेच्या, कडेपासून एक पांढरी रेघ मागे पळताना दिसते. हवेतल्या बाष्पामुळे डोळ्यांना दिसणारा भोवराच तो. पंखाभोवतीचं हवेचं अभिसरण (पंखाला वळसा घालणारा प्रवाह) टोकाशी संपत नाही, ते या भोवऱ्यांच्या रूपानं मागे जातं, हे लँचेस्टरनं सांगितलं. भोवरे घडवायला ऊर्जा लागते आणि ती विमानाकडूनच वसूल होते. त्यामुळे विमानाला होणाऱ्या हवेच्या विरोधाला आज आपण इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतो. हा विरोध कमी व्हावा म्हणूनच ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद असतात.

पण हे लिहिलं कसं? पुस्तक वाचणं म्हणजे शिक्षाच. वाचकाला चित्र आपोआप दिसेल हे गृहीत धरलेलं, आणि जागोजागी स्वतः घडवलेले शब्द. इंग्लंडच्या गणितज्ञांची शंकाही अगदीच पोकळ नव्हती: घर्षणच नसलेल्या आदर्श प्रवाही पदार्थात हे अभिसरण सुरू होतंच कसं? त्याचं गणिती उत्तर पुस्तकात नव्हतं.

१९०८मध्ये लँचेस्टर जर्मनीत ग्योटिंगेनला, प्रांटलच्या विद्यापीठात गेला. त्याला जर्मन येईना, प्रांटलला इंग्रजी. दुभाष्या झाला गणितज्ञ कार्ल रुंगे. पुस्तकाचा जर्मन अनुवादही रुंगेच्याच घरात झाला. पुढे १९१८-१९मध्ये प्रांटलनं आपला सिद्धांत छापला, आणि पंखाची मापं घालून ड्रॅगचा आकडा काढायची सोय झाली. कारखान्यातल्या माणसाला हवा असतो तो आकडा. नाव प्रांटलचं झालं ते इथे.

१९२७मध्ये लंडनच्या व्याख्यानात प्रांटल स्वतःच यावर बोलला. तुम्ही दोघांची नावं जोडता ते योग्यच, पण लँचेस्टरचं पुस्तक हाती येण्याआधीच त्या कल्पना मला सुचल्या होत्या, आणि आम्ही त्याच वाटेवर होतो म्हणूनच ते पुस्तक आम्हाला कळलं, असा त्याचा सूर. माझा त्यावर विश्वास आहे, थोडा हात राखून. ग्योटिंगेनच्या त्या भेटीतून काहीच झिरपलं नसेल, हे पटायला जड जातं.

लँचेस्टर अगदीच उपेक्षित राहिला असंही नाही. १९०९च्या सरकारी विमानविद्या समितीवर तो होता, १९२२मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विमानविद्येतलं मानाचं गुगेनहाइम पदकही मिळालं, १९३१चं. १९३०चं प्रांटलला गेलं होतं. हा क्रम मला अजूनही खटकतो.

पैशाच्या बाबतीत मात्र तो कमनशिबीच. टोकाचा भोवरा आवरण्यासाठी पंखाच्या दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या लावायच्या, याचं पेटंट त्यानं १८९७मध्येच घेऊन ठेवलं होतं. आजच्या विमानांच्या पंखांची टोकं वर वळलेली दिसतात, त्या विंगलेटचा हा पूर्वजच. पण तेव्हा त्या पट्ट्या लावायला विमान होतंच कुठं!