फॉदरगिला: यंदाचा रंग

फॉदरगिला हे शरदात पानं रंगणारं झुडूप. माझी त्याच्या 'माउंट एअरी' वाणाची दोन्ही झुडपं यंदा रंगली, पण सारखी नाही. उघड्यावरचं शेंड्याकडून लाल होत खाली नारिंगीपर्यंत उतरलंय. भिंतीच्या सावलीतलं नुसतंच पिवळं. माती तीच, आच्छादन तेच, पाणीही एकाच पिंपातलं. फरक उन्हाचा.

खात्री करायची तर लाल झुडपाची आतली पानं उलगडून बघा. वरच्या पानाची सावली पडत होती तेवढा तुकडा पिवळा, बाकीचं लाल, आणि मधली रेघ कातरीने कापल्यासारखी. पिवळेपणा देणारी कॅरोटिनॉइड्स पानात आधीपासून असतातच, हरितद्रव्य ओसरलं की दिसू लागतात. लाल अँथोसायनिन मात्र पान शरदात नव्याने बनवतं, त्याला साखरही लागते आणि प्रकाशही. त्यामुळे लख्ख दिवस आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री लागोपाठ मिळाल्या की लाली चढते. आभाळ भरलेलं राहिलं की काम फिकं.

उन्हाळा अर्धा सरला की नत्र बंद. उशिरा खत मिळालेलं झुडूप हिरवंच राहायला बघतं. तसा फॉदरगिला खादाड नाहीच. वसंतात पानांच्या खताचा एक थर पुरतो. माती मात्र आम्लधर्मी हवी, पीएच साधारण ५ ते ६. क्षारयुक्त पाणी देत राहिलं तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, भर उन्हाळ्यात दिसली तर रंग आला म्हणून खूश होऊ नका! मी पावसाचंच पाणी साठवून देतो. उन्हाळ्यात मुळं कोरडी पडली तर पानांच्या कडा करपतात आणि रंगाआधीच पानगळ होते, म्हणून आच्छादन जाड.

छाटणी जवळपास नाही. फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर धरलेल्या असतात. हिवाळ्यात कात्री चालवली की वसंतातले पांढरे झुबके गेले. त्या फुलांना पाकळ्याच नसतात, दिसतात ते सगळे पुंकेसर, वर मधासारखा वास. नुसत्या शरदासाठी लावणाऱ्यांना हे फुकटात मिळतं.

सावलीतलं झुडूप पानं गळून गेली की उन्हात हलवणार. मुळांचा गड्डा शक्य तितका रुंद काढायचा, आधी होतं त्याच खोलीवर बसवायचं आणि पुढचा अख्खा उन्हाळा पाण्याकडे लक्ष ठेवायचं. फॉदरगिला सावकाश वाढतो, त्यामुळे पुढच्याच शरदात दोन्ही सारखी लाल होतील अशी अपेक्षा नाही.