मामाजींचं गवत आणि गिनीपिगची तीन पिल्लं

नणंदेचा मुलगा नागपूरला शिकतो. होस्टेलवर राहायला जायचं ठरलं तेव्हा त्यानं पाळलेली गिनीपिगची जोडी नोव्हेंबरात आमच्याकडे आणून ठेवली. "मामी, दोन्ही माद्याच आहेत, दुकानवाल्यानं सांगितलं. गाजर टाकायचं, बस." डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खोक्यावरचं पोतं उचललं, तर आत दोनाच्या जागी पाच जीव.

उंदराची पिल्लं गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली असतात, तशीच ही असतील असं मला वाटलं होतं. पण यांच्या अंगावर पुरते केस, डोळे टक्क उघडे, तोंडात दात, आणि खोक्यात पळापळ सुरू! स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून वजन केलं. ९२ ग्रॅम, ८८ ग्रॅम आणि सगळ्यात बारकं ६४ ग्रॅम. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात. माझं घरीच शिवणकाम चालतं, त्यामुळे दिवसभर ही मंडळी मशीनशेजारीच असत. ज्या वहीत गिऱ्हाइकांची मापं लिहिते, तिच्याच मागच्या पानावर यांची वजनं लिहायला घेतली.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. "हे काय व आणलं? उंदरं? अन् शेपूट कुठी गेलं याचं?" पण नावं मात्र त्यांनीच ठेवली, बैलांवरून. पांढरा तो ढवळ्या, तांबूस तो पवळ्या आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बारकी ती बांडी. बांडीला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजायचा त्यांचा आग्रह होता. मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "गिनीपिग कॉलेजात प्रयोगशाळेत पाहिला, नंतर आमच्याकडे कोणी आणला नाही. थांबा, वाचून सांगतो." संध्याकाळी खरंच फोन आला. शेळीचं दूध नको. आईला दोनच सडं असतात, तेव्हा तिसऱ्या पिल्लाला धक्के खावे लागतात, लक्ष ठेवा. पण पिल्लं पहिल्या एकदोन दिवसांतच गवत कुरतडायला लागतात, दूध तीन आठवडे पुरे. नराला आजच वेगळं करा, नाहीतर मादी लगेच पुन्हा गाभण राहते. तीन आठवड्यांचे झाले की नर पिल्लंही आईपासून काढा.

गवताचं त्यांनी सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ढवळ्या आईच्या पोटाखालून बाहेर आला, वाळलेल्या मारवेल गवताची एक काडी टोकाकडून तोंडात धरली आणि ती आत सरकत गेली, मशीनच्या सुईखाली कापड सरकावं तशी. काडी संपेपर्यंत जबडा थांबला नाही. त्यानंतर मात्र त्यानं आईची लेंडी उचलून खाल्ली. मी शी म्हणून हात घातला! डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, ती मऊ लेंडी त्यांना लागते, पोटात गवत पचवणारे जंतू त्यातूनच येतात. जन्मभर खातात म्हणे. त्यानंतर मी तिकडे बघायचं सोडलं.

गवताच्या बाबतीत भाच्याचं "गाजर टाकायचं, बस" साफ चुकीचं निघालं. या जनावराचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात ते गवत चावूनच. दिवसाच्या खाण्यातला बहुतेक भाग वाळलं गवत, बाकी सगळं तोंडी लावणं. शहरात लोक परदेशी गवताची पाकिटं मागवतात. ती किंमत ऐकून मामाजी अर्धा मिनिट गप्प बसले. मग उठून गोठ्याच्या माळ्यावरून एक पेंढी काढून आणली. ऑक्टोबरात, फुलोरा येता येता कापलेलं आणि सावलीत वाळवलेलं मारवेल. रंग अजून हिरवट, वास चहापत्तीसारखा. त्यातलं कुसळी गवत मात्र ते एकेक काडी करून वेचून टाकत. तिची कुसळं धोतराला चिकटली की आपल्यालाच टोचतात, पिल्लाच्या टाळूत किंवा डोळ्यात गेली तर काय होईल? कडब्याची धांडी पिल्लांना झेपली नाहीत, वाळलेली पानं खाल्ली. ज्वारीचं कोवळं हिरवं पोंग मात्र मामाजी गाईलाही देत नाहीत, त्यात विष असतं, तेव्हा यांनाही नाही. सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, इतकी धूळ की बिचारी शिंकत सुटली. ते लगेच काढलं.

वाढत्या पिल्लांना जास्त प्रथिनं आणि कॅल्शियम लागतं म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांपर्यंत लसूणघास द्यायला सांगितलं होतं, वाळवून आणि मारवेलमध्ये मिसळून. इथे माझा आगाऊपणा नडला. जानेवारीत शेजारच्या मळ्यात बरसीम, लसूणघासासारखाच हिरवा चारा, लुसलुशीत झालं होतं. सकाळी दवानं ओलं असतानाच भारा आणला आणि खोक्यात ढीग टाकला. हावरटपणात ढवळ्या पहिला. दुपारी कोपऱ्यात पाठ वर काढून बसला, पोट ढोलकीसारखं टम्म, कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तरी तोंड फिरवलं. या प्राण्याला उलटी होत नाही, आत गेलेला वायू वर येत नाही. बस पकडून दवाखाना गाठला. रात्री अकराला त्यानं पहिली लेंडी टाकली तेव्हा मी आणि मामाजी दोघंही बॅटरी घेऊन बसलो होतो. "ढोरालेबी उपाशीपोटी ओलं बरसीम टाकत नाही आपण," ते म्हणाले, "तू तं एवढुशा जिवाले भारा टाकला." बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या धसक्यानं मी हिरवं एकदम बंद केलं. वाळलं गवत, भाच्यानं आणलेलं गोळी खाद्य, काकडीची चकती, गाजराचा तुकडा, आणि जीवनसत्त्व क हवं म्हणतात म्हणून पाण्याच्या भांड्यात थेंब. सगळं नीट चाललंय अशा भ्रमात तीन आठवडे गेले.

जानेवारी संपता संपता बांडीची चाल बदलली. चालायच्या ऐवजी मागचे दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारल्यासारखं करायची, मग बसून राहायची. केस विस्कटलेले. उचलायला गेले तर किंचाळली. वहीत पाहिलं तर चार दिवस १९० वरच अडकलेली. रोज तीन-चार ग्रॅम वाढणारं पिल्लू चार दिवस थांबलंय आणि आपल्याला कळलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी सांधे चाचपले आणि भाच्याच्या खाद्याचं पाकीट मागितलं. सशाचं खाद्य होतं ते. ससा आपलं क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतो, त्याला बाहेरून लागत नाही. गिनीपिगला आणि माणसाला ते जमत नाही. दोन-तीन आठवडे मिळालं नाही तरी सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. मग काकडी-गाजर? त्यांत ते नावापुरतंच. आणि पाण्यातले थेंब? उजेडात आणि धातूच्या भांड्यात काही तासांत निकामी होतात, शिवाय पिल्लू पाणी किती प्यालं हे कोण मोजतंय. वाढत्या पिल्लाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण ३० मिलिग्रॅम हवं, आजारी असेल तर त्याहून जास्त. त्यांनी थेंबांचा हिशोब लिहून दिला, थेट तोंडात. जाता जाता बजावलं की घरातलं कुठलंही अँटिबायोटिक मनानं द्यायचं नाही, पेनिसिलिनच्या जातीचं तर याच्या जिवावरच उठतं.

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बांडीला ओढणीत गुंडाळून मांडीवर घ्यायची, सुई काढलेली सिरिंज समोरून नव्हे तर ओठाच्या कडेनं, दातांच्या मागच्या फटीत सरकवायची, आणि एक थेंब सोडून गिळायची वाट बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं सिरिंजचं टोकच चावून घेतलं. सातव्या दिवशी काटा २०३ दाखवत होता.

आता सगळ्यांना वाटतं तेच मलाही वाटलं, संत्र्याच्या गावात क जीवनसत्त्वाची काय कमी! संत्री घरात पडलीच होती. एकेक फोड दिली. पवळ्याच्या लेंड्या पातळ झाल्या, ढवळ्याच्या ओठाशी लाल चट्टा उठला. आंबटगोड फळ त्यांना आठवड्यात एखादा इवलासा तुकडा, बस. रोजचं काम केलं ते शिमला मिरचीनं. बिया काढून बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यासोबत सांबार, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, चारपाच काड्या देठांसकट. जांब म्हणजे तुमचा पेरू, त्यात तर शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर क असतं, पण साखरही असते, म्हणून नखाएवढा, आठवड्यातून दोनदा. आवळ्याला तिघांनीही नाक लावलं आणि मागे सरकले.

हिरवं पुन्हा सुरू करताना मामाजींचा एक नियम पाळला. एका वेळी एकच नवी वस्तू, चिमूटभर, तीन दिवस लेंड्या बघायच्या, मग पुढची. घाई होती ती वेगळ्या कारणानं. "लेकराले लहानपणी जे चारलं तेच मोठेपणी खाते," असं मामाजी सांगायचे आणि डॉक्टरही म्हणाले, गिनीपिगला पहिल्या काही महिन्यांत जे दिसलं नाही ते तो पुढे अन्नच समजत नाही. ते आईच्या बाबतीत दिसतच होतं. ती शहरात गाजरावर वाढलेली, शिमला मिरचीवर पाय देऊन निघून जायची. म्हणून पिल्लांना हरळी, फुलकोबीचं पान, बिटाचा पाला, शेवग्याची दोनचार पानं, मेथीची काडी, सगळं दाखवून ठेवलं. पत्ताकोबीनं पोट गुरगुरलं, ती बंद. कांदा, लसूण आणि बटाटा कधीच नाही. शेजारची पोरं प्रेमानं ग्लुकोज बिस्कीट टाकायची, त्यांना दोनदा रागवावं लागलं.

गवत कुठून आणायचं हेही सांगायलाच हवं. कपाशीच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, कितीही हिरवंगार असो, आम्ही आणत नाही. फवारणी कुणी कधी केली, तणनाशक कधी मारलं, कुणास ठाऊक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, तिथे १९० ग्रॅमच्या जिवाची काय कथा. हरळी आमच्या विहिरीच्या थारोळ्याकाठची, आणि तिच्यात गाजरगवताचं रोप नाही हे बघून.

गिनीपिगचं खास खाद्य नंतर मागवलं, पण त्यातलं क जीवनसत्त्वही तीन महिन्यांत उतरतं, म्हणून पाकिटावरची बनवल्याची तारीख बघून लहान पाकीटच घेते. तिघांना मिळून रोज दोन चमचे. दाणे आणि रंगीत तुकडे असलेलं मिश्रण घेतच नाही.

एप्रिलपासून वेगळीच लढाई. हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचे, तीस अंशांवरच कासावीस होतात, आणि इथे पारा ४५ ला. फुटक्या माठाचा अर्धा भाग उपडा घालून त्यांना घर केलं, खिडकीला ओलं पोतं, पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून. मेमध्ये सांबाराची जुडी परवडेना, तेव्हा बाजारात आलेली चिवळीची पालेभाजी थोडी थोडी दिली, टरबुजाच्या सालीचा पांढरा भाग दिला. तोच त्यांना सगळ्यात आवडला, साल खरवडताना आवाज ऐकला की तिघंही "वीक वीक" करत जाळीला यायची. भाजी दोन तासांत संपली नाही की उचलायची, नाहीतर त्या उन्हात आंबते.

जूनमध्ये सहा महिने झाले तशी लसूणघास हळूहळू बंद केली. मोठ्यांना ते कॅल्शियम मुतखड्याकडे नेतं, आणि पवळ्याच्या फडक्यावर पांढरी भुकटी दिसायला लागलीच होती. आता नुसतं मारवेल. पावसाचं नवं गवत आलंय, पण मामाजी ते कापून आणलं की आधी खाटेवर पसरतात, दवाचं पाणी उडेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत. मग विळा खुंटीला अडकवतात आणि कुसळ्या वेचत बसतात.

ढवळ्या काल ८१० भरला, पवळ्या ७८५. बांडी ६२०. तिची डावी टांग अजून किंचित उडते.