आतला पॅड

माझ्या गाडीच्या ब्रेकचा आवाज सुरुवातीला फक्त गाडी हळू असताना यायचा. खिडकी खाली असली आणि बाजूला भिंत असली की 'चींऽऽ' असा बारीक, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. काच वर केली की गायब. म्हणून पहिला आठवडा मी तो कानाआडच केला.

पाऊस पडून गेलाय, डिस्कला गंज धरला असेल, असं मी धरून चालले होते. असं होतंही. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ती ओतीव लोखंडाची असते. गाडी रात्रभर ओली उभी राहिली की सकाळी तिच्यावर तांबूस पापुद्रा आलेला दिसतो. पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात, पापुद्रा घासून निघतो आणि आवाज थांबतो. माझ्या गाडीचा आवाज मात्र संध्याकाळपर्यंत टिकायचा, कोरड्या दिवशीही यायचा. म्हणजे तो गंजाचा नव्हता.

ब्रेक दाबला की डिस्कला घासून चाक थांबवतो तो पॅड. तो झिजत आल्याचं कळावं म्हणून त्याच्या लोखंडी पाठीला एक वाकवलेली छोटी पट्टी बसवलेली असते. मटेरियल दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. सगळ्याच पॅडना ती नसते. काही गाड्यांत तिच्याऐवजी सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या गाडीला पट्टी होती, आणि हा सगळा वेळ तीच ओरडत होती. मला ते कळायला अजून दोन आठवडे जायचे होते.

दुसऱ्या आठवड्यात टॉर्च घेऊन पुढच्या चाकांपाशी उकिडवी बसले. अलॉय व्हीलच्या फटींतून डिस्क दिसते, तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर दिसतो आणि त्यात पॅडची कड. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मटेरियल असतं आणि तीनवर आलं की तो बदलायचा, एवढं मला ठाऊक होतं. उजव्या चाकात पाचेक मिलिमीटर दिसलं, डाव्या चाकात चक्क सात. जीव भांड्यात पडला. आणि तिथेच मी चुकले. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. डिस्कच्या पलीकडे तसाच दुसरा असतो आणि चाक काढल्याशिवाय तो धड दिसत नाही. शिवाय डावीकडचा पॅड उजवीकडच्यापेक्षा जाड का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी तर त्याला चांगली बातमी समजले.

त्याच दिवशी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल किमान खुणेच्या जरासं वरपर्यंत उतरलं होतं. मी नवी बाटली आणून वरच्या खुणेपर्यंत भरून टाकलं आणि काम केल्याचं समाधान मानलं. खरं तर पॅड झिजतो तसा कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन बाहेर येत जातो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि टाकीतली पातळी उतरते. कुठेही गळती नसताना उतरलेली पातळी म्हणजे पॅड झिजल्याचा निरोपच असतो. मी तो पुसून टाकला. तुमच्याकडे असं झालं तर आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू आणि गाडीखालची जमीन ओली आहे का ते बघा. ओली असेल तर गाडी हलवू नका. कोरडी असेल तर पॅड बघून घ्या. बाटली त्यानंतर.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली तीही याच दिवसांत. तिथल्या माणसाने चाक न काढताच फटीतून पाहिलं, "भरपूर पॅड आहे, धूळ बसलीय" म्हणाला आणि एअरच्या पाइपने धूळ उडवून दिली. पैसे घेतले नाहीत, त्यामुळे मला तो सरळ वाटला. माणूस सरळ असेलही, पण चाक न काढता ब्रेकबद्दल दिलेलं मत मी आता कुणाचंही घेत नाही. आणि ब्रेकची धूळ हवेने उडवणं मला मुळीच पटत नाही. ती शेवटी श्वासात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसता येते की.

मग एका संध्याकाळी, तासाभराच्या प्रवासानंतर गाडी लावली आणि डाव्या बाजूने जळका वास आला. दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहिला, न टेकवता. उजवीकडे कोमट. डावीकडे तव्यावर हात धरल्यासारखी धग. रिमवरची काळी भुकटीही डावीकडेच जास्त होती. तेव्हा आठवलं, त्याच प्रवासात समोरची गाडी एकदम थांबली म्हणून मी जोरात ब्रेक दाबला होता, तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे ओढलं गेलं होतं. मागच्या सीटवर मुलं झोपलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता करून जिरवायची कुणी, तर त्या चार चाकांवरच्या हाताच्या पंज्याएवढ्याही नसलेल्या तुकड्यांनी. त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं.

सकाळी दुसऱ्या गॅरेजला फोन केला. तिथल्या मेकॅनिकदादांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज चीं असा आहे की खर्र असा?" मी 'चीं' म्हणाले. "मग हळू चालवत आणा. खर्र असता तर टोइंग करून आणा म्हणालो असतो." खर्र म्हणजे मटेरियल पूर्ण संपून लोखंडावर लोखंड घासतंय.

चाक निघालं. दोन बोल्ट सोडवून कॅलिपर वर उचलला आणि तारेने स्प्रिंगला अडकवला. तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नसतो, पाइप आतून खराब होतो. ही गोष्ट त्यांनी न सांगता केली आणि माझा विश्वास बसला. मग पॅड बाहेर काढून माझ्या हातात दिले. "ताई, हे तुम्हीच बघा."

बाहेरचा पॅड जाड, सरळ. आतला पाचरीसारखा तिरका झिजलेला: एका टोकाला तीन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड. बारक्या पट्टीचं टोक आरशासारखं चकचकीत झालं होतं. दोन्ही पॅड एकाच दिवशी बसवलेले, एकाच चाकाचे, तरी इतका फरक.

त्यांनी मला कारणही दाखवलं. माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. वरची पिन बोटाने सरकत होती. खालची जागची हलेना. पान्याने फिरवून काढली तेव्हा तिच्यावरचं रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारं टोपण, फाटलेलं दिसलं. त्यातून पाणी गेलं, ग्रीस वाळून काळं चिकट झालं आणि पिनेवर गंजाचे खड्डे पडले. पिन अडकल्यावर कॅलिपर सरकेना. पेडल दाबलं की बहुतेक काम आतल्या पॅडवर, सोडलं की तोच डिस्कला चिकटून घासत राहायचा. म्हणून वास, म्हणून धग, आणि डावा ब्रेक कमी धरत असल्यामुळे गाडी उजवीकडे.

हे बघितल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. नुसते पॅड बदलले असते तर आवाज त्याच दिवशी गेला असता, मी खूश होऊन घरी आले असते, आणि नवा आतला पॅड तसाच तिरका झिजला असता. पॅड कुणीही बदलून देतं. तो असा का झिजला, हे बघणाऱ्याकडेच गाडी द्यावी.

खालची पिन आणि चारही बूट नवे टाकले. बाकीच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचं खास सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. उजव्या चाकाचे पॅड अजून चालले असते, तरी दोन्हीकडे नवे टाकले, कारण पुढच्या जोडीत एक नवा आणि एक जुना असला की दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही. डिस्क मायक्रोमीटरने मोजली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, माझ्या डिस्कवर २० मिलिमीटर होती, मोजमाप आलं २१.१. आतल्या तोंडावर बारीक रेघा होत्या, पण नखाला अडकत नव्हत्या आणि पेडलला थरथरही नव्हती, म्हणून तीच ठेवली. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम आहेत. ते उघडून आतले लायनर, म्हणजे तिथलं घासणारं अस्तर, पाहिले, ठीक होते, धूळ पुसली, हँडब्रेक जुळवला.

नवे पॅड बसायचे तर पिस्टन मागे ढकलावा लागतो, आणि तो मागे गेला की ऑइल टाकीत परत येतं. मी टाकी वरपर्यंत भरून ठेवली होती. ते ऑइल उतू जाऊन पत्र्यावर सांडलं असतं तर रंग उखडला असता. दादांनी आधी पिचकारीने काढून घेतलं. टेस्टर बुडवला तर त्यात पाणी ३ टक्क्यांच्या वर. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल धरलेल्यासाठी १५५. तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. माझं चार वर्षांत बदललं नव्हतं. चारही चाकांतून जुनं काढून नवं भरलं, हवा काढली. बाटलीतून आलेलं पहिलं ऑइल चहासारखं होतं, शेवटचं फिकट पिवळं.

निघताना दादा म्हणाले, "गिअर टाकायच्या आधी पेडल दाबा." दाबलं तर थेट खालपर्यंत गेलं. पोटात गोळा आला. पिस्टन मागे ढकलल्यामुळे मधली जागा भरेपर्यंत असंच होतं. चौथ्यांदा दाबल्यावर पेडल वर आलं आणि घट्ट झालं. घरी स्वतः पॅड बदलणाऱ्यांनी हे विसरू नये. भिंतीसमोरून गाडी काढताना हे कळायला नको.

पहिले ३०० किलोमीटर जपून चालवली. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत वेग हळूहळू उतरवायचा, मध्ये थोडं अंतर जाऊ द्यायचं, पुन्हा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो तो असाच. पहिल्या दिवशी पकड जरा कमी वाटली, वासही आला, तिसऱ्या दिवशी दोन्ही गेले. पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासून घेतले. परत तासाभराचा प्रवास केला आणि उतरल्याबरोबर दोन्ही रिमजवळ हात नेला. दोन्हीकडे सारखीच कोमट.

गाडीच्या कप्प्यात आता एक वही असते. नवे पॅड बसवताना तिच्यात लिहिलं होतं: डावा आत ११, बाहेर ११, उजवा आत ११, बाहेर ११. परवा ५,००० किलोमीटर झाले, चाकं अदलाबदल करायची होती, तेव्हा ती निघालेली असतानाच दादांना आतले पॅड मोजायला लावले. डावा आत १०, बाहेर १०. उजवाही तसाच. खालची पिन बोटाने सरकवून पाहिली. सरकली.