मिरामारवरून हबल

हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंश कललेली आहे. म्हणून 15 अंश उत्तर अक्षांशावरच्या गोव्यात ती थेट डोक्यावरूनही जाते. लंडनवाल्यांच्या नशिबी हे नाही. सूर्यास्तानंतर तासाभरात दिव्यांकडे पाठ करून पश्चिमेला बघा. न लुकलुकणारा ठिपका पूर्वेकडे सरकतो आणि मध्येच विझतो: पृथ्वीच्या सावलीत शिरला. लुकलुकला तर दाबोळीचं विमान. पावसाळ्यात नादच सोडा.

तिचं जुनं दुखणं म्हणजे जायरोस्कोप, म्हणजे दुर्बीण किती वळली हे सांगणारं यंत्र. मिनिटाला 19,200 फेरे घेणारं चाक, भोवती दाट द्रव, आणि त्यातून वीज नेणाऱ्या केसाहून बारीक तारा. त्याच गंजून तुटतात. 2009 मध्ये सहा नवे बसवले. जून 2024 पासून काम एकावरच चालतं. नेम धरायला वेळ लागतो, आणि मंगळाच्या कक्षेहून जवळचं, सरकणारं काही टिपता येत नाही.