सोन्ने तिकीट

माझ्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असतो. खोलीवर येणारी प्रत्येक मैत्रीण आधी त्याचं झाकण उघडते आणि मग तोंड पाडते. आत चिवडा नाही, शेव नाही. बसची तिकिटं आहेत. शंभरभर असतील, आणि सगळ्यांची बेरीज केली तरी शून्य रुपये होते.

रोजची चार मिळतात. बेळगावातल्या वडगावहून सिटी बसनं सीबीटी स्टँड, तिथून जांबोटीच्या रस्त्याला लागणारी लाल बस, आणि संध्याकाळी तसंच उलटं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात इथल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट जाता येतं. कागदोपत्री ह्याचं नाव शक्ती योजना. बसमध्ये ते नाव मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘फ्री’ म्हणतात, नाहीतर ‘झिरो तिकीट’. फुकट असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं, कारण त्यावरून पुढं सरकार बसवाल्यांचा हिशेब चुकता करतं. कंडक्टर येतो, ‘आधार तोरिस्री’ म्हणतो, आपण कार्ड दाखवतो आणि ते मशीन कुरकुरत एक चिठोरं बाहेर टाकतं. बाकीच्या बायका ते खिडकीतून सोडून देतात. मी पर्समध्ये टाकते. त्यातली निम्मी चुरगळून जातात, उरलेली डब्यात.

शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला कुठलाही कागद टाकवत नाही. डी.एड.च्या पहिल्या सहा महिन्यांत लागलेली खोड. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, काडेपेट्या, लग्नपत्रिका, सगळं ‘शैक्षणिक साहित्य’ दिसायला लागतं. एकदा तर चुलतबहिणीच्या लग्नाआधीच तिच्या पत्रिकेवरचा गणपती मी कापला होता आणि काकू दोन दिवस बोलली नव्हती. (डी.एड.चं खरं नाव आता डी.एल.एड. आहे. आई अजून टीसीएच म्हणते, कारण तिच्या माहितीतल्या सगळ्या मास्तरीणबाई टीसीएच करूनच झाल्या. नाव कुठलंही घ्या, दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचं असतं. माझं ते सध्या चालू आहे.)

बसमध्ये निम्म्या जागा पुरुषांसाठी ठेवायच्या, असंही योजनेत आहे. सकाळी सव्वासातच्या बसला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. पैसे देऊन उभे राहिलेले आजोबा आणि फुकट बसलेल्या आम्ही, ह्यांच्यात रोज थोडं तरी होतंच. मी आजोबांना जागा देते. संस्कार वगैरे काही नाही, पाठाची टाचणवही उभ्यानं वाचलेली डोक्यात राहते.

खोलीतली जोडीदारीण चंदगड तालुक्यातली. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं थोडं गेलं की शिनोळी येतं आणि तिथून महाराष्ट्र. तिच्या आधारवर कोल्हापूर जिल्हा, म्हणून लाल बसला तिला पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, खरं तेही महाराष्ट्राच्या हद्दीत. म्हणजे गावाकडं निघाली की शिनोळीपर्यंत ती पूर्ण बाई असते आणि पुढं अर्धी. सीमाप्रश्नावर आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी १९५६ पासूनची भाषणं ऐकलीत. ही तो प्रश्न कंडक्टरच्या मशीनवर वाचते आणि सुटे पैसे काढते.

आमची खोली मागवाल्यांच्या गल्लीत. खाली मालकांचे पॉवरलूम, वर आम्ही. पहिले आठ दिवस झोप म्हणून नव्हती, रात्रभर खट्याक-खट्याक. आता उलटं झालंय. वीज जाऊन माग थांबले की दचकून जाग येते. मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. रोज रात्री जिन्याखाली उभ्या राहून ‘ऊटा आतेन?’ विचारतात. जेवण झालेलं नसलं तरी ‘आत्री’ म्हणून टाकायचं, नाहीतर आमटीचं पातेलं वर येतं आणि दुसऱ्या दिवशी ते घासून, त्यात काहीतरी घालून परत द्यावं लागतं. आमच्याकडं घालण्यासारखं बहुतेक वेळा चिरमुरेच असतात.

घर माझं निपाणीजवळ. हमरस्त्यानं बेळगावपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. ह्याला लांब म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. खरं आमच्या घरातून निपाणीच्या पलीकडं राहायला गेलेली मी पहिलीच. आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसाला सात-आठशे. तिचं जग हजारावर मोजलेलं, कारण मजुरी हजारावर मिळते, आणि त्याच्या आत पंचविसावर, कारण जुडी पंचविसाची.

बारावीला, म्हणजे पी.यू.सी.ला, मी बेळगावातच होते. तेव्हा बसला पैसे पडत. घरी जाऊन यायचं म्हणजे खानावळीचे दोन-तीन दिवस गेले असं धरायचं. शुक्रवारी आईचा फोन यायचा, ‘येणार हाईस काय?’ मी म्हणायचे, ‘तिकिटाला पैसे न्हाईत गं.’ विषय संपला. पैसे नसणं हे आमच्या घरात सगळ्यांना समजणारं कारण, त्यात कुणाचा मान जात नाही. कधी खरंच पैसे नसायचे. कधी असायचे, पण खडेबाजारात मैत्रिणींबरोबर फिरायचं असायचं. आणि कधी नुसतं झोपायचं असायचं. सगळ्याला हे एकच कारण पुरत होतं.

झिरो तिकिटानं ते काढून घेतलं.

आता ‘येणार हाईस काय?’ला काय सांगायचं? ‘पाठ आहे गं सोमवारी, टाचण काढायचंय.’ ‘मग हितं काढ की. हितं काय उजेड न्हाई व्हय?’ ‘साहित्य करायचंय.’ ‘आण की, मी कातरून देतो.’ माझ्या आईच्या हातात विडीची पानं कापायची कात्री असते, पुठ्ठ्याला ती काय दाद देणार. दर आठवड्याला मी नवं कारण शोधते आणि ती ते शांतपणे कातरून टाकते. ह्या खेळात मला एक गोष्ट कळली, ती मी अजून तिला सांगितलेली नाही. मला खोलीवरचा रविवार आवडायला लागलाय. केस धुऊन गच्चीवर बसावं, खालच्या अंगणात अक्का शेंगा वाळवत असाव्यात, कुणी मला काही विचारू नये. हे आवडतं म्हणजे घर आवडत नाही असं नव्हे. पण ही दोन वाक्यं वेगळी आहेत हे आईला फोनवर समजावून देईन, इतकं माझं अध्यापन अजून सुधारलेलं नाही.

‘देतो’वरून आठवलं. आमच्यात बायकाही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, निपाणीत आणि बेळगावातही. कॉलेजात पहिल्याच सराव पाठाला मी ‘आता मी तुम्हाला एक चित्र दाखवतो’ म्हणाले आणि निरीक्षण वहीत लाल रेघ आली. महिनाभर घोकून ‘दाखवते’ केलं. त्या दिवाळीला घरून निघताना तोंडातून ‘जाते मी’ गेलं. आई आजीकडं बघून म्हणाली, ‘बेळगावची झाली ही.’ आता बेळगावचीसुद्धा असं म्हणत नाहीत, हे तिला कोण सांगणार. तेव्हापासून वर्गात ‘दाखवते’ आणि फोनवर ‘दाखवतो’.

टाचणात शिक्षक कृतीसमोर विद्यार्थी कृतीचा रकाना असतो. त्यात आपण लिहितो, ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’, ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतील’. टाचणातली मुलं फार गुणी. त्यांना मध्येच लघवीला लागत नाही, त्यांच्यात बेडूक येऊन बसत नाही. खानापूर तालुक्यातल्या पावसात बेडूक यायचाच. मला मिळालेला वर्ग नलीकलीचा, पहिली ते तिसरी एकत्र, गोल करून बसलेली. नलीकली म्हणजे आनंदानं शिक. आनंद भरपूर असतो.

ऑगस्टमध्ये माझा शून्याचा पाठ होता. तळहातावर पाच चिंचोके, एकेक उचलायचा, शेवटी रिकामा हात. ‘काय उरलं?’ ‘काहीच नाही!’ टाचणातल्यासारखं सगळं चाललं होतं. मी फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि म्हणाले, ‘काहीच नाही म्हणजे शून्य.’

तिसरीतला एकजण म्हणाला, ‘बाई, कानडीत सोन्ने म्हणत्यात ते ह्येच न्हवं?’

‘हो, तेच.’

‘मग आमची आई सोन्ने तिकिटावर खानापूरच्या बाजारला जाती. तुम्ही काहीच न्हाई म्हणता, खरं बस जाती की.’

मागं निरीक्षक बसलेले. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात ह्याला जागा नव्हती. मी पर्समधून सकाळचं तिकीट काढून दाखवलं, हे बघा, आपल्या खिशातून काही गेलं नाही म्हणून इथं शून्य. तो म्हणाला, ‘मग कुणाच्या खिशातनं गेलं?’ एवढ्यात दुधाची घंटा झाली. सरकारी दुधाचे उपकार माझ्यावर त्या दिवशी जेवढे झाले तेवढे कुणावर झाले नसतील. निरीक्षकांनी शेरा दिला, ‘साहित्य उत्तम. आशयाची तयारी हवी.’ त्या दिवशी संध्याकाळपासून मी तिकिटं साठवायला लागले. पोरांना मोजायला तरी होतील.

नोव्हेंबरात शतकाचा पाठ आला. दहाच्या दहा जुड्या बांधल्या की शंभर. शनिवारी सकाळची शाळा करून खोलीवर येते तर जिन्यात आई. शेजारी अक्का, आणि दोघींच्या मधे आईनं आणलेल्या भाकरी. कळवलं नव्हतं. ‘फुकट हाय म्हणून आलो,’ म्हणाली. एवढ्या दिवसांत मला सुचलंच नव्हतं की पैशाचं कारण तीही मला सांगत होती. बेळगाव तिनं ह्याआधी एकदाच बघितलेलं, तेही दवाखान्यापुरतं.

अक्काचं आणि तिचं मी यायच्या आधीच जमलं होतं. दोघींनी एकमेकींची मजुरी विचारून घेतलेली, मागाची आणि विडीची, आणि दोन्ही परवडत नाहीत ह्यावर एकमत झालेलं. मग आईनं खोली बघितली. गॅस बघितला, गादी दाबून बघितली. माझ्या रविवारच्या गच्चीवर जाऊन आली. काही बोलली नाही. रात्री माग सुरू झाले तेव्हा म्हणाली, ‘ह्यात झोपतीस?’ आणि माझ्या आधी झोपली.

रविवारी मी डबा पुढ्यात घेऊन बसले. उघडला आणि बघतच राहिले. ह्या तिकिटांची शाई उन्हाला टिकत नाही, आणि मी डबा भरायच्या आधी ती महिनाभर खिडकीत नुसती पसरून ठेवलेली. जुन्यांवरची गावांची नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या, काहींवरचं शून्यही उडालं होतं. नुसते पांढरे कागद. मोजायला काय, चालतील म्हणून मी सुरळ्या करायला घेतल्या. दोन-तीन केल्या नसतील, आईनं डबा ओढून घेतला. ‘सर तिकडं. अशी वळत्यात व्हय?’

पाचेक मिनिटांत तिच्या मांडीवर अक्काचं सूप आलं आणि सुरळ्या पडायला लागल्या, एकसारख्या, विडीसारख्या, तोंड दुमडलेल्या. अक्कानं मागाचा लाल दोरा दिला. मी चहा ठेवून आले तोवर तीन जुड्या बांधून झाल्या होत्या. मोजल्या तर पंचविसाच्या.

‘आई, दहा-दहाच्या पाहिजेत.’

‘दहाची जुडी कोण घेतो?’

तिला टाचण दाखवलं, दशक समजावलं, तिनं ऐकून घेतलं आणि चौथी जुडी पंचविसाचीच करायला घेतली. तिच्यात तेवीसच भरल्या. डबा उलटा करून बघितला, पर्स झटकली. आई ती जुडी हातात घेऊन बसली. कमी भरलेली जुडी तिनं आयुष्यात कारखान्यात नेलेली नाही. मी म्हणाले असू दे, उद्या दोन मिळतील. तिनं पदराची गाठ सोडली. आतून कालची दोन तिकिटं निघाली, गावापासून निपाणीपर्यंतचं एक आणि निपाणी-बेळगावचं एक. परत जाताना कुणी विचारलं तर, म्हणून जपून ठेवलेली. तंबाखूचा वास येत होता. दोन्ही वळली, जुडीत घातली, दोरा आवळला. ‘आता घे.’

सोमवारी पाठ झाला. दहाच्या दहा जुड्या असं टाचणात, आणि टेबलावर पंचविसाच्या चार. पोरांनी मोजल्या, चार जुड्या शंभर, आणि एकीनं तर चार पावल्यांचा एक रुपया असं तिच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. मग मी सोडून दहाच्या करायला लावल्या. विड्यांसारख्या सुरळ्या उलगडताना मुलांचा गोंधळ झाला, कारण एकेकजण आपापला कागद वाचू बघत होता आणि बहुतेकांवर काहीच नव्हतं. तिसरीतल्या एका पोरीच्या हातात मात्र काळंकुळकुळीत तिकीट आलं. कानडी अक्षरं लावत लावत तिनं वाचलं.

‘बाई, निपाणी कुठं?’

‘माझं गाव तिकडं.’

‘लई लांब?’

मी किलोमीटर सांगणार होते. ती म्हणाली, ‘तिकीट किती?’

‘सोन्ने,’ मी म्हणाले.

‘मग जवळच की,’ म्हणाली, आणि ते तिकीट तिनं आपल्या दहात घातलं.